कॉम्प्युटरच्या अंगावरच्या शाली

रायतळ्याचे गजकेसरी महाराज तलवारीपेक्षा कॉम्प्युटरवरच्या लढायांत रमत. लढाई जिंकली की दरबार भरवून कॉम्प्युटरचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करत. एकदा घातलेली शाल काढणं म्हणजे राजद्रोह!

हल्ली मात्र कॉम्प्युटर ऐन लढाईत अडखळू लागला. आणि संध्याकाळी तर शेजारच्या राजाशी सामना होता. हरेल त्याने मिशी उतरवायची, अशी पैज लागलेली.

"प्रोसेसर ओव्हरक्लॉक करा," सेनापती म्हणाले. "घोडा तोच ठेवा, चाबूक वाढवा!"

"छे, जुना काढा आणि नवा बसवा," प्रधान म्हणाले.

महाराज न्यायाधीश रेणुकाबाईंकडे वळले. "निवाडा तुम्ही करा. चुकलात तर गाढवावरून धिंड!"

रेणुकाबाईंनी शालींत गुरफटलेल्या कॉम्प्युटरला हात लावला, तर चटकाच बसला.

"महाराज, लढाया जिंकता तुम्ही आणि सत्कार याचा? हा अन्याय आहे," असं म्हणत त्यांनी भर वैशाखात महाराजांना शालींवर शाली पांघरल्या.

महाराज आधी फुलले, मग लालबुंद झाले, मग धापा टाकू लागले. "बाई... नि... निवाडा?"

रेणुकाबाई दरबाराकडे वळल्या. "महाराज अडखळायला लागलेत. सेनापती, चाबूक काढता? की प्रधानजी, नवे महाराज बसवू या?"

"अरे, आधी या शाली काढा!" महाराज किंचाळले.

"कॉम्प्युटरही इतके दिवस हेच सांगत होता, महाराज."

संध्याकाळी मिशी शेजारच्या राजाची गेली. दरबारात रेणुकाबाईंचा सत्कार झाला, पण नुसत्या श्रीफळावर.