दोन कपाळांची राजकन्या

“पाजू नका तिला. आपोआप जाईल. लग्नाला महिना झाला नाही, आणि गोठ्यात हे! पायगुण म्हणतात तो असा.”

आत्याबाई चुलीपाशी बसून सासूबाईंना हळू आवाजात सांगत होत्या. हळू म्हणजे ओसरीवर मला ऐकू येईल इतपत.

सकाळी आमची चंद्री गाय व्याली. कालवडीला डोकं एक, तोंडं दोन. बघून मामंजींच्या हातातली बादलीच पडली. तेव्हापासून जो तो गोठ्याच्या दारातून नुसता बघून जात होता. चीक मात्र खरवसासाठी आठवणीनं काढून ठेवला होता.

जावेच्या दोघी मुली, कुमू आणि मंजी, दिवेलागणीलाच माझ्या मांडीवर पेंगत होत्या.

“काकू, गोष्ट,” कुमू म्हणाली.

मी सुरू केली. जरा मोठ्यानंच.

एक होता राजा. त्याच्या नव्या राणीला मुलगी झाली. सुईणीनं बाळ उचललं आणि किंचाळलीच! अंग एक, डोकं एक, पण चेहरे दोन, बरं का. दोन नाकं, दोन तोंडं, चार डोळे. नगारेवाल्याचा हात वरच्या वर राहिला. दारातला हत्ती कान हलवायचा थांबला.

“मग ती बोलायची कुठल्या तोंडानं?” मंजीची झोप उडाली होती.

अगं, आधी रडायची. दोन्ही तोंडांनी.

मग राजा म्हणाला, “नको हे. डोंगरावर ठेवून या.” मग शिपाई निघाला. अर्ध्या वाटेत बघतो तर काय, एक चेहरा गाढ झोपलेला, दुसरा टकामका बघतोय. झोपलेलं पोर दगडावर कसं ठेवायचं? उठेल ना! आला परत. मग प्रधान निघाला. तर आता जागा होता तो झोपलेला, आणि झोपलेला जागा. तोही आला परत.

मग राजा स्वतः निघाला. डोंगरावर पोचला, दुपटं उघडलं, आणि हबकलाच. चारही डोळे उघडे. दोन्ही तोंडं उघडी. पण आवाज नाही. रडायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं.

तिथं दगडावर सटवाई बसली होती. बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते ना, ती. तीही चक्रावली. “अगंबाई! एवढ्या जन्मांची कपाळं लिहिली, पण एका बाळाला दोन?” मग तिनं अर्धं इकडे लिहिलं, अर्धं तिकडे. एरवी तिचं लिहिणं माणसाला दिसत नाही, पण राजाला दिसलं. एका कपाळावर होतं, ‘हिला आधी’. दुसऱ्यावर होतं, ‘दूध पाजा’.

राजानं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. जन्मल्यापासून जो तो बघायला आला होता. पाजलं कुणीच नव्हतं.

“राणीनं का नाही पाजलं?”

तिला कुणी जवळच जाऊ दिलं नाही गं. तिचाच पायगुण वाईट ठरला होता ना.

मग राजा धावत घरी आला. राणीनं बाळ घेतलं. एका तोंडात बोट दिलं, दुसऱ्याला पाजलं. मग उलट केलं. बाळ चुटूचुटू प्यायलं. पुढं मोठी झाली. एका तोंडानं वरणभात खायची, दुसऱ्यानं मोठ्यांना उलट उत्तरं द्यायची. सगळी सुखानं नांदली. आता तुम्ही मिटा डोळे, चारही.

मुलींनी डोळे मिटले. आतून भांड्यांचा आवाज आला.

“अगं, चिकाचं पातेलं रिकामं कसं?” आत्याबाई म्हणत होत्या. “गूळ किसून बसलेय मी!”

मी मुलींची डोकी उशीवर ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. या घरात आल्यापासून मी ‘हो’ आणि ‘वाढू का?’ एवढंच बोलले होते. दोघी माझ्याकडे बघत होत्या. माझं बोट अजून चोखून चोखून लाल होतं.

“खरवस होणार नाही, आत्याबाई. चीक मी तिला पाजला. पोट भरून प्यायली. आता तिला परत भूक लागलीय. डोकं धरायला कोण येतंय?”