यादीत नसलेलं फूल

विद्यापीठाची बाग नवी होती, तेव्हाची ही गोष्ट. विलायतेहून आलेल्या चाळीस रोपांना प्रोफेसर वझ्यांनी टिनाच्या पाट्या लावल्या होत्या. चार वर्षांत फूल एकालाही आलं नाही, पाट्या मात्र झळाळत होत्या. पाणी घालायला होता लिंबाजी माळी.

विद्यापीठ तपासायला तपासनीस यायचं ठरलं, तसा वझेसाहेबांनी लिंबाजीला हुकूम सोडला, "यादीत नसेल ते सगळं उपट. एक रोप जरी उरलं, तर तूही घरी."

"कुंपणाकडचा धोतराबी?"

"तो आधी."

दुसऱ्या दिवशी तपासनिसांपुढं वर्ग भरला. फुलाचे भाग शिकवायचे होते. त्यासाठी एरवी लिंबाजी कुंपणाकडची टोपलीभर फुलं आणून ठेवायचा. आज टेबल रिकामं.

"फुलं कुठायत?" साहेब गुरगुरले.

लिंबाजीनं सावकाश मुंडासं सारखं केलं. "यादीतलं समदं जागेवर हाय, साहेब. फूल तेवढं यादीत नव्हतं."

तपासनीस मिशीतल्या मिशीत हसले. साहेबांनी आवाज खाली आणला. "लिंबाजीराव, धोतरा फेकला का हो?"

"न्हाई जी. मातीसकट माझ्या खोपटामागं लावलाय. तिथवर यादी पोचत न्हाई."

संध्याकाळी खोपटामागं, धोतऱ्याशेजारी, एकेचाळिसावी पाटी साहेबांनी स्वतःच्या हातानं ठोकली. लिंबाजीनं नुसती धरली.