गरम बॉनेट

गाड्याही बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. एक घरगाडी, म्हणजे चाकांवरचं घर, स्वतःला ओढण्यासाठी जुना डिझेल पिकअप निवडायला बाजारात आली.

लाल पिकअप चकाकत पुढे झाला. "ताई, घाट म्हणजे आपल्याला अंगण!"

घरगाडीने त्याच्या बॉनेटला आपला जोडणीचा दांडा टेकवला आणि ते गरम लागताच ती भडकली. "इंजिन थंड असताना बघणार, असं कळवलं होतं. मग तापवून का ठेवलंस?"

"तुमच्या स्वागताला!"

"खोटारड्या! मागच्या पिकअपनेही असंच इंजिन तापवून दाखवलं. पुढे घाटातल्या थंडीत तो सुरूच होईना, आणि माझ्यात आजारी लेकरू होतं!"

कोपऱ्यातला पोचे पडलेला पिकअप पुटपुटला, "ताई, मी गारच आहे. बघा." तो खोकला, धुरकटला आणि सुरू झाला.

"मग इतका वेळ गप्प का होतास?" असं दरडावत तिने आपला दांडा त्याच्या हुकात अडकवला.