फळीमागचा शर्ट

"...म्हणजे जाड छर्‍याची, पॉइंट टू-टूचीच घ्यायला पाहिजे होती, असंच ना उस्ताद?"

विचारणारा रणधीर खराडे. मांडीवर नवीकोरी छर्‍याची रायफल, तिच्यावर हातभर लांब दुर्बीण. समोर बाजेवर दस्तगीर उस्ताद, वय चौऱ्याऐंशी, हातात चहाची बशी.

उस्तादांनी बशीवर फुंकर मारली.

"कशाला पायजे?"

"घुशी मारायला. परसात नुसता उच्छाद मांडलाय. नारळाची मुळं उकरली, कोंबड्यांची अंडी नेली, आता बेदाण्याच्या शेडकडं वळल्यात. ही वन-सेव्हन-सेव्हनची, बारीक छर्‍याची. छर्रा हलका पडतो. जड छर्रा असता तर..."

"पिंजरा लावलास?"

"पिंजरा काय, कुणीबी लावंल उस्ताद."

मला हसू आलं. पंचावन्न वर्षांचा झाला, बेदाण्याचा मोठा व्यापारी झाला, पण बोलणं तेच. बारा वर्षांचा असतानाही तो असाच बोलायचा. मला ठाऊक आहे, कारण तेव्हाही मी शेजारीच बसलेला असायचो.

तासगावातलं हे अंगण तेव्हाही एवढंच होतं. उस्ताद एअरगन दुरुस्त करायचे. जत्रांच्या दिवसांत फुगे फोडायचा स्टॉल लावायचे. बाकीचे महिने दर रविवारी सकाळी आम्हा चार-पाच पोरांना नेमबाजी शिकवायचे. फी म्हणजे जत्रेत फुगे फुगवून द्यायचे. गाल इतके दुखायचे की दोन दिवस भाकरी चावता यायची नाही.

आणि एक नियम होता.

आल्या आल्या अंगातला शर्ट काढायचा. भिंतीशी वाळूची पोती रचलेली. त्यांच्यावर तो शर्ट ताणून टांगायचा. शर्टाच्या पुढं, सुतळीला, पंजाएवढी आंब्याची फळी. फळीत लागला तर छर्रा लाकडात रुतायचा. चुकला तर आपल्याच शर्टाला भोक.

छर्रा हातावर ठेवण्याआधी उस्ताद प्रत्येक वेळी विचारायचे, "मागं काय हाय?"

"माझा शर्ट, उस्ताद."

असं म्हटल्याशिवाय छर्रा मिळायचा नाही. एका सकाळी वीस छर्रे, तर वीस वेळा.

माझ्या शाळेच्या शर्टाला सात भोकं पडली होती. आईनं ठिगळं लावली, तीही वेगवेगळ्या रंगांची. शाळेत पोरं मला लुडोचा पट म्हणायची. तरी थंडीतलं ते ऊन, उघडी पाठ, हाताला येणारा बंदुकीच्या तेलाचा वास... त्यातला एक रविवार कुणी परत देणार असेल, तर मी आजही शर्ट काढून उभा राहीन.

रणधीरच्या शाळेच्या शर्टाला मात्र कधी भोक दिसलं नाही. पुढं त्यानं जिल्ह्याचा चषक आणला. एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नव्हती. तो यायचा थोरल्या भावाचा जुना शर्ट घालून. चांगला शर्ट दप्तरात. जुना टांगायचा, नंतर चांगला घालून घरी जायचा. मला तेव्हा त्याच्या डोक्याचा हेवा वाटायचा.

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

"आण हिकडं."

रायफल हातात घेऊन त्यांनी आधी तोंड भिंतीकडं केलं. नळी बिजागरीवर खाली मोडून आत बघितलं. रिकामी होती. मग लाकडावरून एकदा हात फिरवला, गुराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"चांगली हाय. कशी धरतोस?"

"घट्ट. खांद्यात रुतवून."

"स्प्रिंगची बंदूक हाय ही. सुटताना मागंपुढं उडी मारती. तिला मारू द्यायची. कोंबडीचं पिल्लू धरतोस तशी धरायची."

"ते मला शिकवलं होतं तुम्ही."

"व्हय. शिकवलं हुतं."

उस्तादांनी दुर्बिणीवर बोट टेकवलं.

"दुर्बीण कितीवर जुळवलीस?"

"दहा मीटरवर. गच्चीवर बसून. दहाच्या दहा छर्रे बटणाएवढ्या जागेत, उस्ताद. अजून हात हलत नाही माझा."

"आणि चुकली ती घूस किती लांब हुती?"

"ती जवळ होती. चारेक मीटर."

उस्तादांनी डाव्या हाताची दोन बोटं एकावर एक, अंतर ठेवून धरली.

"वरचं बोट दुर्बीण. खालचं बोट नळी. दोघांची गाठ पडती कुठं? दहावर. चारवर अजून गाठच पडली न्हाई. छर्रा खालनंच चाललाय."

रणधीर एकदम ताठ झाला. चेहरा उजळला.

"बघा! म्हणजे माझा नेम बरोबरच होता. दुर्बिणीचा घोळ. मी आठ दिवस हेच म्हणतोय सगळ्यांना, की माझा नेम..."

तो उठायलाच लागला होता. दुखणं सापडलं, आता औषध घेऊन घरी, अशी गडबड.

"बस."

तो बसला.

"खालनं गेलेला छर्रा लागला कशाला?"

"फरशीला. शहाबादी फरशी आहे तिथं."

"मग?"

"...उसळला."

उस्तादांनी रायफल बाजेवर आडवी ठेवली. त्यांचा आवाज जराही वाढला नाही.

"मागं काय हुतं, रणधीर?"

चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी तो प्रश्न कानावर पडला आणि माझी पाठ आपोआप सरळ झाली. ओठांवर उत्तरही आलं.

रणधीरच्या ओठांवर आलं नाही.

"...कर्दळी आहेत. आडोशाला लावलेल्या."

"त्यांच्या मागं?"

"घागर."

"घागर एकटीच हुती?"

अंगणात कोंबडी फिरत होती. रणधीर तिच्याकडं बघत राहिला.

"...शैलजा होती. भांडी घासत बसली होती."

शैलजा म्हणजे त्याची बायको. आम्ही तिच्या हातचं कितीदा जेवलोय.

"मला दिसली नाही उस्ताद. दुर्बिणीत नुसती घूस दिसत होती, केवढीच्या केवढी. घागर तिच्या शेजारी दगडावर होती. पोचा पडला घागरीला. इथं..."

त्यानं हात वर नेला. स्वतःच्या कानाशी थांबवला. तो हात आता हलत होता.

कुठं बघावं कळेना, म्हणून मी बशीकडं बघितलं.

"तिला लागलं?"

"नाही."

"ती काय म्हणली?"

"म्हणाली, वरनं नारळाचं बारकं फळ पडलं असेल."

"आणि तू?"

"...हो म्हणालो."

उस्तादांनी बाजेवरची रायफल जरा लांब सरकवली.

"आठ दिवस झाले," रणधीर म्हणाला. "रोज सकाळी ती त्याच घागरीनं पाणी भरते. पोचा बाहेरच्या अंगाला असतो, मला दिसावा असा. जेवण जात नाही. रोज एका दुकानात जातो, हा छर्रा दाखवा, ती बंदूक दाखवा... बंदुकीचीच चूक असली तर बरं, असं वाटत राहतं."

त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यानं ते लपवले नाहीत. बेदाण्याच्या सौद्यात भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस. मला त्याची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला.

मग तो उठला. भिंतीपाशी गेला. वाळूची पोती अजून तिथंच आहेत, नव्या पोरांसाठी. त्यानं कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला आणि खिळ्यांना ताणून टांगला. सुटलेलं पोट, बनियन, मान खाली.

"पहिल्यापासून शिकवा उस्ताद. मागं माझा शर्ट आहे."

उस्तादांनी डोळे बारीक करून बघितलं.

"आज सोताचाच घालून आलास न्हवं?"

रणधीर दचकला. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं.

"...तुम्हाला ठाऊक होतं?"

"थोरल्याचा हुता. कॉलर उसवलेली. रोज त्योच."

"मग तेव्हाच कान का नाही धरला माझा?"

"पोरगं हुतास," उस्ताद म्हणाले. "वाटलं, मागं वाळूच तर हाय." मग पोत्यांकडं बघितलं. "चुकलं माझं."

एवढं म्हणून ते काठी टेकत उठले. खिळ्यांवरून शर्ट काढला, झटकला, आणि स्वतःच्या हातानं रणधीरच्या खांद्यावर ठेवला.

"घाल. ह्यो नको."

"मग काय टांगू?"

"उद्या येताना सूनबाईची साडी आण. तिच्या आवडीची."

रणधीर बटणं लावता लावता थांबला.

"...तिला काय सांगू, उस्ताद?"

उस्ताद बाजेवर बसले. बशीतला चहा केव्हाच गार झाला होता, तरी त्यांनी त्यावर फुंकर मारली.

"इचारून आण."