बाग कुणाची, हे बोलू नये

“माझं कुणी खरंच मानत नाही,” असं म्हणून सोनकी बागेतल्या चाफ्याखाली मटकन बसली.

ती आठ वर्षांची. पायात वहाणा नाहीत, परकराला तीन ठिगळं. तिच्या इवल्याशा जोंधळपूर राज्यात पाणी संपलं होतं. घरी धाकटी चिंगी कोरडे ओठ चाटत पडली होती. झरा होता तो या बागेत. पण बागेच्या एका अंगाला नीळगड, दुसऱ्या अंगाला तांबडगड, आणि दोघेही म्हणत, बाग आमची. भांडता भांडता दोघांनी मिळून झरा दगडांनी बुजवला. तेवढं एक काम दोघांनी एकजुटीनं केलं.

तेवढ्यात पाकळ्यांतून टीचभर परी उतरली. पंख खंड्या पक्ष्यासारखे निळेशार, पैंजण दवाच्या थेंबांचे.

“काय खरं मानत नाहीत गं, बाळा?”

“मी म्हटलं, दोन्ही राजांना दही धाडू. शेजाऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत देतं का? ते पाणी घालूनच देतील. तर सगळे हसले.”

परी हसली नाही. “जा, तुझ्या बोलण्याला यश देते. पण नियम ऐक. बाग कुणाची, हे कुणी बोलायचं नाही, लिहायचं नाही. लिहिलं तर पुन्हा भांडण पेटेल आणि झरा आटेल. मग तो मलाही फोडता यायचा नाही.”

सोनकी दोन गाडगी घेऊन निघाली. निळ्या राजानं बोट चाटलं. “गोड लागलंय. कुणी विरजलं?”

“आईनं.”

“आता हे रिकामं कसं द्यायचं?” त्यानं डोकं खाजवलं आणि आपल्या बाजूचे दगड काढले. ते ऐकून तांबडा राजा म्हणाला, “मग आम्ही काय चिकट आहोत?” त्यानंही काढले. झुळझुळ करत चंदेरी पाणी जोंधळपुरात आलं. चिंगी पोटभर प्यायली आणि हसली.

सातच दिवस.

जोंधळपूरच्या राणी शेवंतीला वाटलं, आता दोघांशी मैत्री पक्की करावी. तिनं झऱ्याकाठी पंगत मांडायची ठरवली आणि पत्रं लिहायला घेतली.

“राणीसाहेब, बाग कुणाची ते लिहू नका,” सोनकी म्हणाली. “परीनं सांगितलंय.”

“परी म्हणे. गप गं. राज्य चालवणं म्हणजे दही लावणं नव्हे. दोघांना खूश ठेवलं की दोघेही आपले.”

तिनं दोघांनाही तेच लिहिलं: आपल्या बागेत जेवायला यावं.

पंगतीत निळ्या राजानं पत्र काढलं. “बघ, राणीच म्हणते, बाग माझी.”

“माझ्या पत्रात काय लिहिलंय मग?”

पानं उलटली, तलवारी निघाल्या. झऱ्यानं एक घोट गिळल्यासारखा आवाज केला आणि तो आटला.

सोनकी रडत राहिली. परी आली, तिनं गाडग्यात एक थेंब सोडला. “हे कधी रिकामं होणार नाही. पण मागेल त्याला घोटभरच मिळेल. शेतं नाही भिजायची, बाळा.” मग ती सोनेरी उजेड झाली, आणि उजेडही विरला.

जोंधळपूर उठलं. गाठोडी घेऊन माणसं निघाली. कुणी नीळगडला शिव्या देई, कुणी सोनकीला पांढऱ्या पायाची म्हणे. वाटेवर बसून ती प्रत्येकाला घोट पाजत होती. शिव्या देणाऱ्यांनाही.

शेवटी खुद्द राणी आली, अनवाणी, मुकुटाविना.

“कुणी म्हणतं निळ्या राजानं घात केला, कुणी म्हणतं तांबड्या,” राणी म्हणाली. “तू सांग. कुणी केला?”

सोनकीनं आधी तिला पाणी पाजलं. मग गाडगं पुसत म्हणाली,

“राणी शेवंती.”