शाही कपाशीवरचा मावा

"महाराज, कपाशीवर मावा आला आहे!" कोंडाजीने भर दरबारात वर्दी दिली आणि तेवढ्यानेच घात झाला.

हंगामभर शाही कपाशीची पाने उलटून पाहायची आणि कीड दिसताच दरबारात कळवायचे, हे कोंडाजीचे काम. पण राजा दुर्गसेनाला ठाऊक होता तो मुदपाकखान्यातला मावा, दूध आटवून केलेला!

"मावा? आणि झाडावर?" राजाच्या तोंडाला पाणी सुटले. "उद्या सकाळी ताटभर हजर कर! तो संपल्याशिवाय मी सिंहासनावरून उठणार नाही. आणला नाहीस, तर राज्याबाहेर चालता हो!"

दरबाऱ्यांना सारे कळत होते. पण महाराजांची चूक दाखवायला गेलेला मागचा प्रधान अजून परतला नव्हता.

कोंडाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. "राही, बोचकी बांध. किडे नेले तर राजाची थट्टा, न नेले तर हद्दपारी!"

"बोचकी कसली, बाबा? ताट काढा, ताट!" लेक म्हणाली आणि हसू दाबत शेताकडे पळाली.

सकाळी बापासोबत दरबारात येऊन तिने राजापुढे झाकलेले ताट ठेवले आणि कपाशीचे एक चकाकणारे पान पुढे केले. "आधी वानगी पाहावी, महाराज."

राजाने पानावर बोट फिरवले. चिकट! बोट चाखले. गोड! "वा! हा तर पाकच!"

"आता पान उलटावे."

पानाखाली हिरवट किड्यांची ही दाटी! "अगं आई गं!" म्हणत राजा पाय वर घेऊन सिंहासनावर उकिडवा बसला. "हे काय?"

"हाच कपाशीवरचा मावा. चाखलात तो त्याने टाकलेला चिकटा."

"टाकलेला? कोठून?"

"ते न विचारलेले बरे, महाराज!"

दरबाऱ्यांनी तोंडात शेले कोंबले. राजा लालबुंद झाला. "पोरी, हे मी खाणार नाही! शब्दही मोडणार नाही! मग जन्मभर येथेच बसू? वाट काढ, नाहीतर बापलेक दोघेही हद्दपार!"

"महाराज, पलीकडचा गड कोणी जिंकला?"

"आम्ही!"

"तटावर कोण चढले?"

"आमचे ढालाईत."

"आणि आपण?"

"आम्ही तंबूत... विडा खात होतो."

"तरी गड आपणच जिंकलात?"

"अर्थात!"

राहीने झाकण उचलले. ताटातल्या पानांवर काळ्या ठिपक्यांचे तांबडे किडे सगळा मावा फस्त करून मजेत फिरत होते. "हेही आपल्याच शेतातले शिपाई. पाठीवर ढाल, म्हणून नाव ढालकिडे. शिपायांनी खाल्ला, म्हणजे महाराजांनीच खाल्ला. ताट संपले, उठावे!"

राजा हसला, इतका हसला की मुकुट घरंगळून ताटाशेजारी पडला. तो उचलायला म्हणून राजा उठलाच!

"आजपासून राही आमच्या ढालकिड्यांची सरदार! आणि या दोघांना ताटभर पेढे द्या, दुधाच्या माव्याचे!"

कोंडाजीने पहिला पेढा उचलला, सवयीने उलटून पाहिला आणि मगच तोंडात टाकला. राजाला पुन्हा हसू फुटले.