घसरगुंडीची परीक्षा

फार जुनी गोष्ट. तेव्हा नदीकाठी चिखल होता, पण घड्याळ नव्हतं. पलीकडच्या काठावरची पिल्लं पुढे जातील या धास्तीने पाणमांजरबाईंनी आपल्या तिन्ही पिल्लांना घसरगुंडीची शिकवणी लावली. शिकवायला कासवगुरुजी. गुरुजी शंभर वर्षांत एकदाही घसरले नव्हते, म्हणूनच पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं.

आठ दिवस पिल्लं उतारावर रांगेत बसून नियम घोकत होती: नाक वर, शेपूट सरळ, हसायचं नाही. घसरायची मात्र परवानगी नव्हती. गुरुजी स्वतः तेवढे उताराकडे चोरून बघायचे.

नवव्या दिवशी परीक्षा. "आधी उभं कुठे राहायचं ते दाखवतो," म्हणत गुरुजी कडेला सरकले आणि त्यांचा पाय सटकला. पाठीवर गरगर फिरत, खिदळत ते थेट नदीत धपकन पडले.

बाईंनी डोळेच मिटून घेतले. धाकटं पिल्लू गंभीरपणे म्हणालं, "गुरुजी, नाक खाली, शेपूट वाकडं. शिवाय तुम्ही हसलात. नापास!"

"अरेरे!" धापा टाकत गुरुजी परत उतार चढू लागले. "मग परीक्षा पुन्हा द्यावी लागणार!"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळा वर्ग नापास होत राहिला. अंधार पडायच्या आत बाईसुद्धा दोनदा.